भाच्याला कुत्रे चावले. लस दिली, पण सीरम दिले नाही. आता तिसऱ्या दिवशी काय करावे?

घाटवाट (बुधवार, रात्री ९.४०)

नमस्कार. माझ्या बहिणीच्या सहा वर्षांच्या मुलाला रविवारी संध्याकाळी अंगणात खेळताना भटके कुत्रे चावले. उजव्या गालावर, डोळ्याखाली दोन बोटे अंतरावर, दातांच्या दोन खुणा असून त्यांतून रक्त आले. कुत्र्याला ढकलण्यासाठी त्याने हात पुढे केल्यामुळे डाव्या तर्जनीवरही खोल जखम झाली. मुलाचे वजन १६ किलो आहे. कुत्रे कोणाचे पाळलेले नव्हते आणि त्यानंतर ते गावात कोणालाही दिसलेले नाही. घरातल्या मोठ्यांनी तांब्याभर पाणी ओतून जखमांवर हळद आणि तिखट भरले. त्यावर मी काही बोलत नाही, कारण जे झाले ते झाले.

सोमवारी सकाळी जवळच्या एका सरकारी दवाखान्यात नेले असता दोन्ही दंडांवर एकेक बारीक सुई दिली गेली, तेथे मुगाएवढे फुगवटे आले आणि गुरुवारी पुन्हा येण्यास सांगण्यात आले. जखमेत काहीही टोचले नाही. केसपेपरवर मात्र एका कोपऱ्यात ‘सीरम उपलब्ध नाही, बाहेरून’ असे लिहिलेले आज माझ्या लक्षात आले. बहिणीला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगितला नव्हता. आज तालुक्याच्या औषध दुकानात चौकशी केली तेव्हा दुकानदाराने तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या: घोड्याचे सीरम, माणसाचे इम्युनोग्लोब्युलिन आणि मोनोक्लोनल नावाचे नवे इंजेक्शन. किमतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेजारचे एक डॉक्टर म्हणाले की तुम्ही औषध आणून द्या, मी कमरेत देतो.

लस सुरू झालेली असताना हे सीरम खरोखर आवश्यक आहे का, तीन दिवस उलटल्यावर त्याचा उपयोग होतो का, आणि तिन्हींपैकी कोणते घ्यावे, हे कृपया कोणी जाणकारांनी सांगावे. बहीण दोन रात्री झोपलेली नाही.

शाळामास्तर (बुधवार, रात्री ९.५८)

जाणकारांची उत्तरे येतीलच, परंतु चर्चा पूर्ण होण्याची वाट पाहू नका. उद्या सकाळी पहिल्या गाडीने जिल्हा रुग्णालय गाठा आणि निघण्यापूर्वी दूरध्वनीवर ‘रेबीजचे सीरम आहे का’ एवढाच प्रश्न विचारा. ‘कुत्रा चावल्याचे इंजेक्शन आहे का’ असे विचारले तर उत्तर लसीबद्दल मिळते आणि माणूस हेलपाटा मारून परत येतो. आमच्या शाळेतील एका मुलाच्या वेळी आम्ही हीच चूक केली होती.

तालुका_डॉक्टर (बुधवार, रात्री १०.३५)

मी मुलाला तपासलेले नाही, तेव्हा पुढचे लिखाण प्रत्यक्ष तपासणीला पर्याय समजू नये. मात्र आपण दिलेल्या वर्णनावरून ही जखम निःसंशय तिसऱ्या श्रेणीची आहे. कातडी फाटून रक्त येणारा चावा किंवा ओरखडा, तसेच उघड्या जखमेला अथवा डोळा, ओठ, तोंड यांच्या ओलसर आवरणाला लागलेली लाळ, ही सर्व तिसरी श्रेणी होय. रक्त न येणारा किरकोळ ओरखडा दुसऱ्या श्रेणीत जातो आणि सुदृढ माणसाला तेथे लस पुरते. तिसऱ्या श्रेणीत जखम धुणे, लस आणि सीरम ही तिन्ही कामे करावी लागतात. एक केले म्हणून दुसरे टळत नाही.

सीरम कशासाठी, हे समजून घेतले की बाकीच्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. रेबीजचा विषाणू लाळेतून मांसात उतरतो, तेथून मज्जातंतूंच्या टोकांत शिरतो आणि त्या तंतूंच्या आतून मेंदूकडे सरकतो. लस शरीराला प्रतिपिंडे (विषाणूला पकडून निकामी करणारी प्रथिने, अँटिबॉडी) तयार करायला शिकवते, परंतु ती पुरेशा प्रमाणात तयार व्हायला साधारण सात ते चौदा दिवस लागतात. या मधल्या काळात जखमेत बसलेल्या विषाणूला अडवणारे कोणीही नसते. सीरम म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी शरीरात किंवा प्रयोगशाळेत आधीच तयार झालेली प्रतिपिंडे. ती जखमेतच सोडली की विषाणू मज्जातंतूत शिरण्यापूर्वी तिथल्या तिथे निकामी करता येतो. एकदा तो तंतूच्या आत गेला की बाहेरची प्रतिपिंडे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि लक्षणे दिसू लागल्यानंतर तर या रोगावर भरवशाचा इलाज नाही. लक्षणे दिसण्यास सहसा एक ते तीन महिने लागतात. पण चेहरा, डोके आणि बोटे येथे मज्जातंतूंचे जाळे दाट असते, चेहऱ्यापासून मेंदूचे अंतरही कमी असते आणि लहान मुलाच्या शरीरात ते आणखी कमी होते. म्हणून अशा जखमांत हा काळ आखूड होऊ शकतो. आपल्या भाच्याला गाल आणि बोट दोन्ही ठिकाणी चावा आहे.

म्हणूनच कमरेत देण्याची कल्पना मनातून काढून टाका. कमरेत दिलेले सीरम रक्तात मिसळून अंगभर पातळ होते आणि गालावरच्या जखमेत त्याचा नाममात्र अंश पोहोचतो. सीरम जखमेच्या आत आणि कडेने, जेवढे मावेल तेवढे टोचायचे असते. हे काम किचकट आहे, मुलाला धरावे लागते, आणि मला स्पष्ट सांगायला हवे की आमच्या व्यवसायातील अनेकजण ते टाळतात. ‘कमरेत देतो’ हे त्या टाळाटाळीचेच सभ्य रूप आहे. ज्यांना गालात आणि बोटात टोचण्याची सवय आहे अशांकडेच जावे. बोटाच्या बाबतीत विशेष काळजी लागते, कारण तेथे जागा अपुरी असते आणि जास्त द्रव दाबून भरला तर रक्तपुरवठा अडतो.

उशीर झाला असला तरी मुदत संपलेली नाही. लसीचा पहिला डोस ज्या दिवशी दिला तो शून्य दिवस धरला, तर सातव्या दिवसापर्यंत सीरम देता येते. त्यानंतर लसीमुळे शरीराची स्वतःची प्रतिपिंडे येऊ लागतात, तेव्हा ते देण्यात अर्थ उरत नाही. आपला शून्य दिवस सोमवार आहे, म्हणजे उद्या गुरुवारी तिसरा दिवस. जखमेवर खपली आली असली तरी टोचायचे ते तिथेच. उद्याचा लसीचा डोस मात्र कोणत्याही कारणाने चुकवू नका. लस आणि सीरम एकाच दिवशी देता येतात, फक्त सुई वेगळी आणि जागा वेगळी.

आत्ता, म्हणजे आज रात्रीच, करण्यासारखे एक काम आहे. तिखट-हळदीचा जो लेप उरला असेल तो साबण आणि वाहत्या पाण्याने हलक्या हाताने पंधरा मिनिटे धुऊन काढा आणि पोव्हिडोन आयोडीन लावा. विषाणूभोवती चरबीचे आवरण असते आणि साबण ते मोडतो, म्हणून उशिरा धुतले तरी फायदा होतो. तिखटाने विषाणू मरत नाही, फक्त मांस चिघळते. जखमेला टाके घालायचे कोणी सुचवले तर ‘सीरम आधी’ एवढे आवर्जून सांगा. धनुर्वाताच्या लसीबद्दलही विचारून घ्या.

रानवारा (गुरुवार, सकाळी ६.५०)

सर्वांच्या मताचा आदर राखून एक वेगळी बाजू मांडतो. माझ्या धाकट्या भावाला काही वर्षांपूर्वी घोड्याचे सीरम दिले होते. अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या आणि आठवड्याने ताप येऊन सांधे धरले. याउलट आमच्या सासऱ्यांना रानात कुत्रे चावले तेव्हा त्यांनी नुसती लस घेतली आणि आज दहा वर्षे झाली, ठणठणीत आहेत. लस इतकी चांगली असताना लहान मुलाच्या चेहऱ्यात सुया टोचण्याचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न पडतो.

खलबत्ता (गुरुवार, सकाळी ८.१५)

मी औषधनिर्माणशास्त्राचा पदवीधर असून काही वर्षे लस व सीरम यांच्या गुणवत्ता तपासणीत काम केले आहे. रानवारा यांचा मुद्दा अनेकांच्या मनात असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या सासऱ्यांना चावलेले कुत्रे पिसाळलेले होते की नव्हते, हे कोणालाच माहीत नाही. चावणाऱ्या कुत्र्यांपैकी बहुतेक पिसाळलेली नसतात, आणि अशा कुत्र्याने चावा घेतलेला माणूस लस न घेताही वाचतोच. त्यामुळे ‘अमक्याने घेतले नाही आणि त्याला काही झाले नाही’ या अनुभवातून सीरमबद्दल काहीही सिद्ध होत नाही. कुत्रे नक्की पिसाळलेले आहे आणि जखमा मोठ्या आहेत, अशाच प्रसंगी खरा फरक कळतो. तसा प्रसंग १९५४ मध्ये इराणमध्ये घडला. एकाच पिसाळलेल्या लांडग्याने एका गावात पंचवीसहून अधिक माणसांना फाडले आणि त्यांच्यावर तेहरानच्या पाश्चर संस्थेत उपचार झाले. डोक्याला चावे बसलेल्यांपैकी नुसती लस मिळालेले पाच जण होते, त्यांतील तिघे दगावले. लसीबरोबर सीरमही मिळालेल्या दुसऱ्या, अधिक मोठ्या गटात एकच मृत्यू झाला. लस व सीरम जोडीने देण्याची पद्धत जगभर रुजली ती प्रामुख्याने या अनुभवामुळे. त्या काळची लस आजच्या लसीपेक्षा कमी ताकदीची होती हे खरे, पण लसीला लागणारे ते सात-चौदा दिवस आजही लागतातच.

आता तीन प्रकारांबद्दल. घोड्याला रेबीजची लस वारंवार टोचून त्याच्या रक्तात भरपूर प्रतिपिंडे तयार करतात आणि मग ती वेगळी काढतात. सापाच्या विषावरील प्रतिविषही अशाच रीतीने तयार होते आणि आपल्याकडे परळच्या हाफकिनचे नाव या परंपरेशी जोडलेले आहे. पूर्वीची सीरमे कमी शुद्ध असल्यामुळे गांधी उठणे, ताप, सांधे दुखणे हे प्रकार अधिक घडत. आता पेप्सिन या पाचकरसाने प्रतिपिंडाची शेपटी कापून टाकतात आणि विषाणूला पकडणारे टोक तेवढे ठेवतात, त्यामुळे त्रास पुष्कळ कमी झाला आहे. तो पूर्णपणे गेलेला नाही, म्हणून सीरम दिल्यावर रुग्णाला तासभर बसवून ठेवतात आणि ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवतात. आधी कातडीवर चाचणी करण्याची रीत मात्र जागतिक आरोग्य संघटनेने सोडून द्यायला सांगितली आहे, कारण कोणाला तीव्र प्रतिक्रिया येईल याचा अंदाज तिच्यातून येत नाही. रानवारा यांच्या भावाला झाले ते त्रासदायक होते यात शंका नाही, परंतु गांधी आणि सांधेदुखी औषधाने बऱ्या होतात.

दुसरा प्रकार, लसीकरण झालेल्या माणसांच्या रक्तातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन. त्यात घोड्याची प्रथिने नसल्याने प्रतिक्रिया क्वचित येते, पण दाते लागतात, म्हणून ते महाग आणि दुर्मीळ असते.

तिसरा प्रकार मोनोक्लोनल प्रतिपिंडांचा आणि त्याच्याशी आपल्या महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मासबायोलॉजिक्स संस्थेने शोधलेले एक मानवी प्रतिपिंड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने औषध म्हणून विकसित केले. त्याच्या चाचण्यांत मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांचा पुढाकार होता, आणि तिसऱ्या श्रेणीच्या २०० रुग्णांवर इम्युनोग्लोब्युलिनशी तुलना करून घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘रॅबीशील्ड’ या नावाने ते मिळते. अहमदाबादच्या झायडसचे ‘ट्विनरॅब’ त्यानंतर आले आणि त्यात एकाऐवजी दोन प्रतिपिंडांचे मिश्रण आहे. विषाणूच्या एकाच जागेवर चिकटणाऱ्या प्रतिपिंडापेक्षा दोन वेगळ्या जागा पकडणारी जोडी तत्त्वतः अधिक सुरक्षित मानली जाते, कारण विषाणूने एक जागा बदलली तरी दुसरी हाती राहते. अशा औषधांना घोडाही लागत नाही आणि रक्तदाताही लागत नाही, ती टाक्यांत वाढवलेल्या पेशींपासून बनतात आणि प्रत्येक बाटली सारखी असते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

दुकानात गोंधळ होतो तो मात्रेवरून. घोड्याचे सीरम किलोमागे ४० एकके, माणसाचे २० एकके, रॅबीशील्ड ३.३३ एकके आणि ट्विनरॅब पुन्हा ४० एकके. १६ किलोच्या मुलासाठी ही मात्रा अनुक्रमे ६४०, ३२०, साधारण ५३ आणि ६४० एकके होते. ‘५३ म्हणजे कमी ताकदीचे’ असा अर्थ कृपया काढू नये. प्रत्येक औषधाची मात्रा वेगळी ठरवलेली आहे. जे आज मिळेल ते घ्यावे. महागडे औषध परवा येणार म्हणून आजचे घोड्याचे सीरम नाकारणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

पायवाट (गुरुवार, दुपारी १.०५)

माहितीपूर्ण चर्चा. मी प्राणिमित्र म्हणून काम करते आणि दोन वर्षांपूर्वी लसीचे सर्व डोस घेतलेले आहेत, त्याची नोंदही माझ्याकडे आहे. मला पुन्हा कुत्रे चावले तर प्रत्येक वेळी सीरम घ्यावे लागेल का?

तालुका_डॉक्टर (गुरुवार, दुपारी २.२०)

नाही. पूर्वी लसीचा पूर्ण क्रम घेतलेल्या व्यक्तीच्या शरीराला प्रतिपिंडे कशी बनवायची याची आठवण असते आणि एक डोस मिळताच ती वेगाने वाढतात, म्हणून शून्य आणि तिसऱ्या दिवशी मिळून दोन डोस पुरतात. जखम धुणे मात्र तेवढेच आवश्यक. नोंदीचा कागद जपून ठेवा, कारण तो नसेल तर डॉक्टरला आपण नव्याने उपचार घेत आहात असेच धरावे लागते.

घाटवाट (शुक्रवार, सकाळी ११.३०)

सर्वांचे मनापासून आभार. काल पहाटे निघून साडेनऊला जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचलो. शाळामास्तरांच्या सल्ल्याप्रमाणे आधी दूरध्वनी केला होता, तेथे घोड्याचे सीरम होते. एका तरुण डॉक्टर मॅडमनी अतिशय शांतपणे गालाच्या दोन्ही खुणांभोवती आणि बोटात सीरम टोचले. मुलगा खूप रडला, बहीण त्याहून जास्त. तासभर बसवून ठेवले, काहीही त्रास झाला नाही आणि लसीचा दुसरा डोसही तेथेच झाला.

एक शंका राहिली आहे. कागदावर ६४० एकके लिहिली होती, परंतु गालात आणि बोटात मिळून त्याच्या निम्मेच गेले. उरलेले मॅडमनी मांडीत दिले नाही, तर शेजारच्या खाटेवरच्या दुसऱ्या रुग्णासाठी नव्या सुईने वापरले. येथे ‘मावेल तेवढे’ हे शब्द वाचले नसते तर मी कदाचित भांडलो असतो. हे योग्यच आहे ना?

दुसरे असे की काल परतल्यावर आई हळूच म्हणाली की कुत्र्याला हाकलताना त्याची नखे तिच्याही पोटरीला लागली होती आणि थोडे रक्त आले होते. नातवाच्या गडबडीत तिने कोणाला सांगितले नाही. आता खपली धरली आहे. वय ६८, मधुमेह आहे.

तालुका_डॉक्टर (शुक्रवार, दुपारी १२.१०)

मॅडमनी केले ते पूर्णपणे योग्य आहे. पूर्वी उरलेले सीरम दूरच्या स्नायूत देत असत. २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटना त्याची गरज मानत नाही, कारण संरक्षण मिळते ते जखमेतल्या सीरममुळे. वजनावरून काढलेली मात्रा ही कमाल मर्यादा असते. ती ओलांडली तर लसीच्या परिणामात अडथळा येतो, आणि जखमा लहान असतील तर तिच्याहून कमी लागते. जखमा पुष्कळ असत्या आणि सीरम अपुरे पडले असते तर त्यात सलाइन मिसळून प्रत्येक जखमेपर्यंत पोहोचवले असते. जे सीरम आपल्या भाच्याच्या मांडीत वाया गेले असते, ते दुसऱ्या कोणाच्या तरी जखमेत गेले.

दंडावर मुगाएवढे फुगवटे येणे ही त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीची खूण आहे. तिचा क्रम शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस असा असतो, म्हणजे पुढचा डोस येत्या सोमवारी आणि शेवटचा त्यानंतर तीन आठवड्यांनी, पुन्हा सोमवारीच. शेवटचा डोस लोक सर्रास चुकवतात, तेव्हा तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आठवड्याभराने ताप, पुरळ किंवा सांधेदुखी दिसली तर डॉक्टरांना दाखवा, पण लस थांबवू नका. सीरमची प्रतिपिंडे काही आठवड्यांत विरून जातात आणि पुढचे संरक्षण लसीचेच असते.

आता आईंबद्दल. नखांवर लाळ असू शकते आणि रक्त आलेला ओरखडा तिसऱ्या श्रेणीतच मोडतो. कुत्रे बेपत्ता असल्यामुळे दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवण्याचा मार्गही आपल्याला मोकळा नाही. रविवारपासून पाच दिवस झाले आहेत. तरीही त्यांची लस आजच सुरू करता येते आणि सीरमही आजच, त्या पोटरीच्या जखमेत. सात दिवसांची मर्यादा त्यांच्या पहिल्या डोसपासून मोजायची, चाव्यापासून नव्हे, पण म्हणून आणखी एक दिवसही घालवू नका. मधुमेहाची औषधे नेहमीप्रमाणे सुरू ठेवावीत, त्यांचा यात काही अडसर नाही. पोटरी साबणाने धुऊन घ्या, निघण्यापूर्वी सीरम शिल्लक आहे का ते दूरध्वनीवर विचारा आणि त्यांना आज दुपारीच घेऊन जा.

घाटवाट (शुक्रवार, दुपारी १२.२५)

दूरध्वनी केला, सीरम आहे. आई ‘सोमवारी मुलाबरोबरच जाईन’ म्हणत होती. तिला गाडीत बसवले आहे.